सोळाव्या होलमागची दोरी

४ फेब्रुवारी

चिमण्यास ताईचे आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? वाकून काम करणाऱ्याची पाठ आणि उभ्याने काम करणाऱ्याचे पाय, म्हातारपणी दोन्ही बोलायला लागतात. भावजयीच्या गुडघ्याची सूज उतरली का? तिला म्हणावं, शेक घे आणि जिने चढू नकोस. थोरलीला चष्मा लागला म्हणे, आता तरी फळ्यावरचं दिसतं ना? धाकट्याचा खोकला गेला का? आणि तो तुमचा एका डोळ्याचा कुत्रा, आहे की गेला?

हे सगळं हिला कुठून कळतं, असं म्हणत असशील. आमच्याकडे साबणाची पोती घेऊन येणारा ट्रकवाला तुझ्याच गावचा आहे. तुझ्या रोपवाटिकेसमोर गाडी लावून चहा पितो. सतरा वर्षांत तू एक ओळ लिहिली नाहीस, पण तुझ्या कुत्र्याच्या डोळ्यापर्यंतची बातमी मला साबणाबरोबर मिळते. हे पत्रही त्याच्याच हाती देणार आहे. पोस्टाने पाठवलं तर तू परत पाठवशील. त्याच्या तोंडावर नाही म्हणायला तुझी जीभ रेटणार नाही.

मी बरी आहे. हातांची कातडी जुन्या पिशवीसारखी झाली आहे. डावा कान गेला, त्याचं दुःख नाही. इथे ऐकण्यासारखं कोण बोलतं?

पत्राचं कारण असं, की या महिनाअखेरीला मी सुटते. अडतीस वर्षं क्लबाच्या लाँड्रीत घासली, आता पुरे. काल सेक्रेटरीने बोलावलं. म्हणाला, "मावशी, कमिटीने तुम्हाला खास भेट द्यायची ठरवली आहे." मला वाटलं, खुर्ची देतील. हात असलेली, पाठीला गादी असलेली. अडतीस वर्षं उभी असलेल्या बाईला खुर्ची द्यावी हे कोणालाही सुचेल. यांना काय सुचलं असेल? गोल्फची एक फेरी! मी खेळायची. उपाशी माणसाला दात कोरायला काडी द्यावी, तशातली गत.

हल्ली इथे वर्षातून एकदा 'सेवक-दिवस' काढतात. एक मेंबर आणि एक नोकर अशी जोडी लावून अठरा होल खेळवतात, ज्याचे फटके सर्वांत कमी त्याला क्लबाचा कपही आता त्याच दिवशी देतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आपलं नावही विसरतात. आजवर मी दरवेळी अंग दुखतंय म्हणून टाळलं. यंदा निरोपाच्या नावाखाली अडकवलं.

खेळ तुला माहीतच आहे, तुझं अर्धं आयुष्य त्याच्या गवतात गेलं. पांढरी गोळी लांब फेकायची, मग तिच्यामागे मैलभर चालायचं, सापडली की पुन्हा फेकायची. शेवटी तांब्या बसेल एवढ्या भोकात घालायची आणि लगेच बाहेर काढायची. आई एकदा खिडकीतून बघून म्हणाली होती, "एवढी नकोशी आहे तर शोधतात कशाला?" यापेक्षा शहाणं वाक्य त्या क्लबात आजवर कोणी बोललेलं नाही.

जाता जाता त्या दिवसाबद्दल एकदाच लिहिते, मग पुन्हा विषय काढणार नाही. तू म्हणालास, कपच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी सोळाव्या होलजवळ पायाने बॉल सरकवला. मी म्हणाले, मी पाहिलं नाही. तुझी मैदानावरच्या माळ्याची नोकरी गेली आणि तू मलाही सोडलंस. अरे, माझ्या दोरीवर बारा चादरी होत्या. ओल्या, जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या. बारा चादरींच्या पलीकडचं कोणाला दिसतं? तू डोकं गरम करून घेतलंस, तो तुझा स्वभाव. आई नेहमी म्हणायची, याचं दूध गॅसवर ठेवायच्या आधीच उतू जातं.

असो. उत्तर दे.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

चिमण्या,

पत्र घेऊन गेलेला ट्रकवाला अजून परत फिरकला नाही. साबण संपत आला आहे आणि माझा धीरही. म्हणून उत्तराची वाट न बघता लिहायला बसले.

माझी जोडी कोणाबरोबर लावली असेल ओळख. कडक इस्त्री! हो, तोच तुझा साहेब. आता क्लबाचा अध्यक्ष आहे. लाँड्रीत आम्ही अजून त्याला त्याच नावाने ओळखतो, कारण त्याच्या पँटची घडी जरा मोडली तर माणूस आतून मोडेल असं वाटतं. त्याने म्हणे स्वतःहून मला मागून घेतलं. सेक्रेटरी कौतुकाने सांगत होता, "साहेब म्हणाले, मावशींसोबत मीच खेळणार. जुनी, विश्वासाची बाई आहे."

विश्वासाची. हा शब्द ऐकला आणि इस्त्री जरा जास्तच वेळ टेकली. एका कॉलरवर तपकिरी डाग पडला. अडतीस वर्षांत दुसरा.

या लोकांना मी तोंडावरून कमी आणि कपड्यांवरून जास्त ओळखते. ज्याच्या पँटच्या गुडघ्याला माती असते, तो वाकून रेषा बघतो, निदान खेळाची चाड असलेला माणूस. ज्याच्या खिशात बिस्किटाचा चुरा सापडतो, तो नुसता बायकोपासून लांब राहायला येतो. एक डॉक्टर आहे, हरला की रुमालाला दात लावतो, कडा चावलेल्या असतात. आणि बोलणं ऐकशील तर सगळ्यांचं एकच. वारा आडवा आला, गवत ओलं होतं, पक्षी ओरडला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण बहुतेक यांच्यासाठीच कोणीतरी करून ठेवली. कडक इस्त्रीच्या कपड्यांवर मात्र कधीच काही नसतं. ना माती, ना घाम, ना गवत. एवढा स्वच्छ माणूस मी दुसरा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

सेक्रेटरी मला रोज दुपारी अर्धा तास शिकवतो. गरीब पोरगं आहे, नोकरी टिकवायच्या नादात केस चाललेत. काठी अशी धरा, कंबर अशी वळवा, नजर बॉलवर ठेवा. मी म्हटलं, "बाळा, नजर कशावर ठेवायची आणि कशावरून काढून घ्यायची, हे या क्लबात मला शिकवू नकोस." तो हसला. त्याला काही कळलं नाही, बरं झालं.

एक गोष्ट मात्र मला नव्याने कळली. या खेळात पंच नसतो. मी समोरच्याचे फटके मोजून कार्डावर लिहायचे, त्याने माझे लिहायचे. शेवटी एकमेकांच्या कार्डावर सही करायची. सही नसली की कार्ड रद्दी. कितीही भारी खेळलेला असो, सहीशिवाय त्याचं कार्ड टोपलीत. इतकी वर्षं कुंपणाच्या या बाजूला काढली, पण हे मला ठाऊक नव्हतं. तुला असणार.

माझी सही आता छान येते. तुला आठवतं, मी अक्षरं कशी शिकले? कपड्यांच्या कॉलरमागे मेंबरांची खूण शिवलेली असते, त्यावरून. एकेक अक्षर ओळखून. शाळेत गेलेला तू. तू हसायचास, "ताई, तुझी बाराखडी घामाच्या वासाची आहे."

हसायचास, ते आठवलं म्हणून लिहिलं.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

चिमण्या,

ट्रकवाला आला. मी पोती मोजायच्या आधी विचारलं, "पत्र दिलंस?"

"दिलं."

"वाचलं त्याने?"

"तिथेच उभ्याने वाचलं. मग रोपांना पाणी घालत बसला. मी चहा संपवला, दुसरा मागवला, तोही संपवला."

"आणि? काही म्हणाला की नाही?"

तो पोत्यावर थाप मारत राहिला. चांगला माणूस आहे, जड निरोप उचलताना पोतं उचलल्यासारखा वाकतो. शेवटी म्हणाला, "मावशी, राग मानू नका. ते म्हणाले, ताईच्या त्या चादरी अजून वाळल्या नसतील, तर पुन्हा लिहू नकोस म्हणावं."

सतरा वर्षांनी अकरा शब्द. तेही दुसऱ्याच्या तोंडून.

अरे, मी तुझ्या तापात रात्री जागवल्या. तुझी पहिली लांब पँट मी शिवली. आई गेली तेव्हा आलास, दारात उभा राहिलास, आणि आल्या पावली माझ्याशी न बोलता गेलास. मी म्हटलं, जाऊ दे, लहान आहे. बेचाळीस वर्षांचा होतास! आणि वर हा टोमणा? स्वतः तिकडे झाडं लावत बसलास. आईला अंथरुणावरून उठवणं, बसवणं, डॉक्टरला बोलावणं, हे कोणी केलं? ती खोली क्लबाची होती. तो डॉक्टर क्लबाचा मेंबर होता. तू निघून गेलास ते दोन पायांवर. आईला पाय नव्हते.

रागात लिहिलं. खोडणार नाही. खोडलं तरी मागून दिसतंच.

परवा फेरी आहे. कडक इस्त्री आज स्वतः लाँड्रीत आला होता, आयुष्यात पहिल्यांदा. पांढरी पँट काउंटरवर ठेवून म्हणाला, "मावशी, ही परवासाठी. आपलं दोघांचं जुनं नातं आहे, नाही का?" आणि निघून गेला.

मी ती पँट धुतली. आधी खिसे उलटे करून पाहिले. नेहमीसारखं काही नव्हतं.

ताई

२२ फेब्रुवारी

चिमण्या,

तू लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते आहे. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

काल फेरी झाली. आम्ही चौघं होतो. मी आणि कडक इस्त्री ही एक जोडी, मेंबर कमी पडले म्हणून सेक्रेटरी आणि क्लबाचा स्वयंपाकी ही दुसरी. स्वयंपाक्याने नवीन पांढरी टोपी घातली होती आणि तिला हात लावून बघत होता, जशी काही कढईच डोक्यावर आहे.

खोटं का बोलू, सकाळ सुंदर होती. अडतीस वर्षं मी ते मैदान मागून पाहिलं, कपड्यांच्या फटींतून, तुकड्या-तुकड्यांनी. पुढून पाहिलं ते काल. तळ्यावर वाफ होती, टेकडी अजून अर्धी झोपेत होती, आणि दवावर आपल्याच पावलांची हिरवी रेघ मागे उमटत होती. देवाने एवढं सुंदर केलं आणि मग त्यावर हे लोक सोडले.

पहिल्या होलला मी काठी उचलली. पहिला वार हवेत, दुसरा हवेत, तिसरा जमिनीत. ढेकूळ बॉलपेक्षा लांब गेलं. स्वयंपाकी म्हणाला, "मावशी, मैदान धुवायला काढलंत की काय?" फोटोवाला खूश झाला. कडक इस्त्रीही हसला, पण आधी फोटोवाला बघतोय ना हे पाहून मग हसला.

ते होल मी चौदा फटक्यांत उरकलं. कडक इस्त्री कार्ड काढून म्हणाला, "मावशी, तुमचे नऊ लिहितो."

"चौदा झाले."

"अहो, खेळ आहे. सोडा."

"साहेब, तुम्ही चौदा मोजे टाकलेत आणि मी नऊ परत दिले, तर सोडाल?"

सेक्रेटरीला खोकला आला. कडक इस्त्रीने चौदा लिहिले. पण जाता जाता हळूच म्हणाला, "मी तुम्हाला सांभाळतो, तुम्ही मला सांभाळा. एवढंच म्हणत होतो."

तेव्हाच मला कळलं, त्याने मला का मागून घेतलं. त्याला जोडीदार नको होता. सही हवी होती. एकदा सही केलेली बाई दुसऱ्यांदाही करते, असा त्याचा हिशोब. आठ वेळा कपवर त्याचं नाव कोरलेलं आहे. नवव्या वेळी कार्डावर कोणी डोळस माणूस नको होता.

सातव्या होलला तो उतार लागला. तू हाताने गवत लावलेला. गुडघ्यांवर बसून, वीतभर तुकडे जोडत, जसा काही वाकळच शिवतोयस. वाकळीचा टाका कुठे दिसत नाही रे अजून. आणि कडेची तुझी झाडं. अकरा होती, एक विजेने गेलं, दहा आहेत. दोन पुरुष उंच. मी एका खोडाला हात लावून उभी राहिले. कडक इस्त्री म्हणाला, "छान आहेत ना? आमच्या कमिटीने लावली." कमिटीने! कमिटीच्या बोटांना माती लागली असती, तर ती मी धुतली असती. मला माहीत नसती?

पुढच्या होलला उभी राहिले तेव्हा सेक्रेटरीने शिकवलेलं सगळं विसरले, आणि ओली चादर झटकतो तसा कमरेतून एक झटका दिला. चिमण्या, बॉल गेला! आवाजसुद्धा वेगळा आला. तळ्यावरून पलीकडे, पाखरासारखा. स्वयंपाक्याने टोपी उडवली. इतका हलका हात मला कितीतरी वर्षांत वाटला नव्हता. एका फटक्यापुरतं कळलं, लोक या वेडापायी काय काय करतात ते. पुढच्या फटक्याला बॉल चिखलात गेला आणि अक्कल ठिकाणावर आली.

मग सोळावं.

तेच कुंपण. कुंपणापलीकडे आमचं अंगण, आणि दोन खांबांमध्ये माझी दोरी. सुट्टीमुळे लाँड्री बंद, दोरी मोकळी. कडक इस्त्रीचा बॉल फिरत गेला आणि कुंपणाच्या मुळाशी अडकला. सेक्रेटरी आणि स्वयंपाकी पलीकडच्या वाळूत अडकले होते. कडक इस्त्री कुंपणाजवळ गेला. मी त्याच्या मागून दहा पावलांवर होते. त्याने काठी टेकली, आकाशाकडे पाहिलं, वाऱ्याचा अंदाज घेतल्यासारखं केलं आणि बुटाच्या टोकाने बॉल हातभर मोकळ्यावर घेतला. माती न लागू देता. म्हणून त्याच्या कपड्यांवर कधी काही नसतं.

मग त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. घाबरून नव्हे. ओळखीने. घरातल्या माणसाकडे बघून हसतात ना, तसा.

चिमण्या, त्या हसण्याने मला जेवढी किळस आली, तेवढी कोणाच्या मळक्या कपड्यांची आली नाही. त्याचीच नव्हे. माझीही. त्या माणसाच्या डोळ्यांत मी त्याची नातेवाईक होते.

होल संपल्यावर तो म्हणाला, "पाच."

मी कार्डावर सहा लिहिले. "पाच काठीचे, एक पायाचा."

"काय म्हणालात?"

"पायाचा. बुटाच्या टोकाचा."

तो परत हसायला गेला, पण मध्येच थांबला. उरलेल्या दोन होलांत स्वयंपाक्याने एकदा हवामानाचा विषय काढला आणि स्वतःच संपवला.

क्लबाच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. कार्डं टेबलावर. कडक इस्त्रीने माझ्यासमोर पेन ठेवलं. "मावशी, त्या सहाचा पाच करा आणि सही करा. सगळे चहासाठी थांबलेत."

"सहाच आहेत."

"तुमचं वय झालं. नजर फसते."

"नजर फसते म्हणूनच अडतीस वर्षं तुमच्या शर्टाची बटणं मोजून परत देते आहे."

तो टेबलावरून वाकला. आवाज खाली आणला, पण माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला होता. म्हणाला, "तुम्हाला सही येते. मी पाहिली आहे. सुरेख आहे."

मी पेनाला टोपण लावलं आणि मोठ्याने म्हटलं, "साहेबांनी सोळाव्या होलला बॉल पायाने सरकवला. मी दहा पावलांवरून पाहिलं. या कार्डावर मी सही करत नाही."

सेक्रेटरीने यादीत साहेबांच्या नावावर रेघ मारली. नियम म्हणजे नियम, कार्ड रद्द झालं. कप सेक्रेटरीला गेला. दुसऱ्याचं ओलं मूल कोणी हातात द्यावं, तसा धरला होता त्याने. कडक इस्त्रीने कोट घातला, माझ्याजवळ थांबून म्हणाला, "तुमची खोली महिनाभर जास्त ठेवणार होतो. आता एक तारखेला रिकामी करा," आणि गेला. पाठीमागून त्याच्या पँटची घडी मोडलेली दिसली. बसल्यामुळे असेल.

स्वयंपाक्याने मला खुर्ची आणून दिली. अडतीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या हॉलमध्ये बसले.

तुला वाटेल, ताईने मैदान मारलं. तसं काही नाही. मी फक्त कालचं बोलले. जुनं ओठांपर्यंत आलं होतं, पण तेवढ्यात चहा आला आणि मी चहा प्याले.

ताई

२८ फेब्रुवारी

चिमण्या,

चादरी वाळल्या होत्या.

त्या दिवशी ऊन कडक होतं. बाराच्या आत बाराही चादरी वाळल्या. मी त्या काढल्या, घड्या घातल्या आणि टोपलीत ठेवल्या. तो कुंपणाजवळ आला तेव्हा दोरीवर एक रुमालसुद्धा नव्हता. मी चिमटे गोळा करत उभी होते. त्याने पाय पुढे केला, बॉल सरकवला, मान वर केली आणि मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. आमच्यामध्ये एक मोकळी दोरी होती.

तू उतारावरून ओरडलास. लोक जमले. तू म्हणालास, "माझ्या बहिणीला विचारा, ती तिथेच आहे. ती खोटं बोलायची नाही." हे वाक्य मी आजवरच्या एकाही पत्रात लिहिलं नाही. इतक्या पत्रांत लिहिलं नाही, असं म्हणायला हवं. दरवर्षी तुला एक लिहायचे आणि चुलीत घालायचे. त्यातही नाही.

संध्याकाळी तो कागद घेऊन आला. आई आत खोकत होती. तो म्हणाला, "आईसाठी डॉक्टर येतात ना रोज? येत राहतील." एवढंच. धमकी नाही, आवाज नाही, घडी मोडली नाही. कागदावर लिहिलं होतं, दोरीवर चादरी होत्या, मला काही दिसलं नाही. मी म्हटलं, अंगठा लावते. तो म्हणाला, "कशाला? तुम्ही शिकलात ना लिहायला?" आणि मला, काय सांगू तुला, क्षणभर बरं वाटलं. कोणीतरी मला सही करायला सांगितलं होतं. आयुष्यातली पहिली सही. दोन महिने कोपऱ्यात बसून गिरवलेली. ती मी तुझ्याविरुद्ध केली.

आईसाठी केलं म्हणायचे. आई आठ महिन्यांत गेली. त्यानंतरची सोळा वर्षं कोणासाठी गप्प होते? खोलीसाठी. सवयीसाठी. आणि खरं म्हणजे तुझ्यासमोर ही ओळ लिहावी लागू नये म्हणून. मेंबरांवर मी चार पत्रं भरून तोंडसुख घेतलं, पण त्यांच्यातला कोणीही आपल्या धाकट्या भावाला उघडं पाडून घरी जाऊन शांतपणे भात शिजवून जेवला नसेल. मी जेवले.

आज सकाळी वरचंच सगळं एका कागदावर लिहिलं, कपच्या त्या दिवसाची तारीख घालून, तू म्हणालेलं वाक्य घालून. खाली सही केली. क्लबाच्या दारातल्या फलकावर चार टाचण्या मारून लावला. सेक्रेटरी बघत होता. म्हणाला, "मावशी, हे मला काढावं लागेल."

"काढ ना. पण आधी वाच."

त्याने वाचला. मग म्हणाला, "आता मला जरा काम आहे. दुपारी काढतो." आणि दुपार संध्याकाळपर्यंत लांबवली. जाता-येता सगळ्यांनी वाचला. डॉक्टरने दोनदा वाचला, रुमाल खिशातच ठेवून. तुला त्याने काय मिळणार? काहीच नाही. नोकरी तुझी परत येत नाही, आणि तुला ती नकोही असेल. पण उताराजवळून जाताना आता कोणी 'कमिटीने' म्हणालं, तर निदान एखादा माणूस खाली बघेल.

उद्या खोली सोडते. शिंप्याच्या दुकानावर एक खोली मिळाली आहे, खिडकी आहे, जिना अरुंद आहे. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. सामान फार नाही. जाताना अंगणातली दोरी सोडून घेतली. खांब क्लबाचे, दोरी माझी. नवी खोली रस्त्यावर आहे, तिथे वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड लपायला जागा नाही, तेच बरं.

हे पत्र ट्रकवाल्याच्या हाती नाही, पोस्टाने पाठवते आहे. परत पाठवायचं असेल तर तुला तेवढी मोकळीक असू दे.

पण जमलं तर लवकर लिही. माफ केलं असं लिहू नकोस, मी विचारलेलं नाही. शिव्या लिही, चार पानं लिही, भावजयीच्या गुडघ्याचं लिही, त्या कुत्र्याचं लिही. शेवटी स्वतःच्या हाताने सही कर, तेवढी मी रोज बघीन.

तुझी ताई